मांडवीचे जुने घर: बांधणी, वाटणी आणि विक्री

रत्नदुर्गाच्या डोंगरापासून राजिवड्यापर्यंत, भाट्याच्या खाडीच्या मुखाशी संपणारा काळ्या वाळूचा किनारा म्हणजे रत्नागिरीची मांडवी. किनाऱ्यामागच्या आळ्यांतून आणि वठारांतून अजूनही जुनी कौलारू घरे उभी आहेत. काही नांदती आहेत, काही वर्षातून दहा दिवस उघडतात, काहींच्या बेड्यावर, म्हणजे आवाराच्या फाटकावर, 'विकणे आहे' अशी पाटी लागलेली असते. विकायला निघालेल्या घराची जाहिरात साधारण एकाच साच्याची असते: शंभर वर्षांचे चिरेबंदी घर, सागवानी लाकूड, स्वतंत्र विहीर, माडांची वाडी, आणि आता नव्याने केलेले स्वयंपाकघर व संडास-बाथरूम. या एका ओळीमागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. तो दगडाचा आणि लाकडाचा आहे, तसाच बंदराचा, मुंबईच्या मनीऑर्डरींचा आणि वारसाच्या कायद्याचाही आहे.

रत्नागिरीला शहरपण आले ते कचेरीमुळे आणि बंदरामुळे. पेशवाई बुडाल्यावर कोकणचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि 1822 मध्ये जिल्ह्याचे मुख्य ठाणे बाणकोटहून रत्नागिरीस आले. कचेरी, कोर्ट, शाळा, तुरुंग यांच्याभोवती कारकून, वकील, मास्तर राहायला आले. नगरपालिका 1876 मध्ये स्थापन झाली. वरच्या अंगाला ही पांढरपेशी वस्ती वाढत असताना खाली समुद्राकाठी भंडारी, खारवी, दालदी ही दर्यावर्दी आणि माडाशी जोडलेली मंडळी पूर्वीपासून होतीच. मालाची चढउतार मांडवीच्या बंदरावर होत असल्याने वाणी, उदमी, गलबतांचे मालक यांचीही घरे जवळपास झाली. म्हणून मांडवीचे जुने घर एकाच जातीचे किंवा एकाच ऐपतीचे नाही. तांडेलाचे दोन खणांचे घर आणि गलबतवाल्याचे माडीचे घर यांत फरक मोठा असला तरी दोन्हींची बांधणी एकाच तत्त्वावर आहे. पावसाचे पाणी भिंतीवर येऊ द्यायचे नाही, आणि वारा अडवायचा नाही.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्यात समुद्रावरून येणारी आडवी झड. या हवेत टिकेल असा दगड जमिनीतच मिळतो. तो म्हणजे जांभा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की हत्याराने तासून चिरे पाडता येतात, आणि उघड्या हवेत राहिला की टणक होत जातो. फ्रान्सिस ब्युकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने 1807 मध्ये केरळातील अशाच दगडाचे वर्णन करून त्याला लॅटेराइट हे नाव दिले. कोकणच्या गवंड्याला मात्र त्याचा गुण त्याआधी कित्येक पिढ्या ठाऊक होता. चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो. जुन्या भिंती म्हणूनच दीड-दोन फूट जाडीच्या, मातीत किंवा चुन्यात रचलेल्या. चुना बहुधा शिंपल्यांचा, समुद्रानेच दिलेला. अशा भिंतीला श्वास घेऊ दिला तर ती शंभर वर्षे उभी राहते. तिला कोंडले तर ती आतून भुसभुशीत होते. हा मुद्दा पुढे नूतनीकरणात फार महत्त्वाचा ठरतो.

चिऱ्याचे घर ही मात्र पूर्वी सगळ्यांच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. बहुतेक घरे मातीच्या भिंतींची आणि केंबळी, म्हणजे गवताने शाकारलेली असत. माडांची झापे, भाताचा पेंढा, गवत यांचे छप्पर दरवर्षी नवे करावे लागे आणि आगीची भीती कायम असे. त्याहून बरी ऐपत असेल तर नळे. कुंभार चाकावर मातीचे नळकांडे करून ते उभे चिरत असे. त्या अर्धगोल नळ्यांची पालथी-उताणी रांग छपरावर बसे. नळे वाऱ्याने सरकत, माकडांनी फुटत, आणि दर उन्हाळ्यात ते उतरवून पुन्हा लावावे लागत.

या छपराचे रूप बदलले ते मंगळुरातल्या एका कारखान्यामुळे. बासेल मिशनने 1865 मध्ये तिथे यंत्राने दाबलेली, एकमेकांत अडकणारी सपाट कौले करायला सुरुवात केली. पाहता पाहता मलबार किनाऱ्यावर असे कारखाने उभे राहिले आणि गलबतांतून ती कौले उत्तरेला येऊ लागली. रस्त्याने हा माल घाटावर नेणे महाग पडे, पण बंदर दाराशी असलेल्या गावाला तो स्वस्तात मिळे. मांडवीसारख्या ठिकाणी मंगळुरी कौल लवकर रुळले याचे कारण एवढेच. जुन्या घराचे कौल उलटे करून पाहिले तर मागे कारखान्याचे नाव आणि छाप अजून वाचता येतो. कौलाबरोबर छपराचा सांगाडाही बदलला. नळ्यांखाली चालणारे ओबडधोबड बांबू आणि वासे गेले, त्यांच्या जागी नेमक्या अंतरावर तासलेले वासे आणि रिपा आल्या, कारण मंगळुरी कौल मापाचे पक्के असते आणि रिपेचे अंतर चुकले तर ते बसतच नाही. सुताराच्या कामात त्यामुळे जी शिस्त आली ती त्या काळच्या आढ्या-तुळयांच्या जोडांत आजही दिसते. लाकूड ऐपतीप्रमाणे असे. पैसेवाल्यांकडे साग आणि शिसव, बाकीच्यांकडे फणस, ऐन, किंजळ.

घराची आतली मांडणी रस्त्याकडून परसाकडे उलगडत जाते. चिऱ्याचा गडगा, त्यातले बेडे, मग अंगण, तुळशीवृंदावन. दिवाळीनंतर अंगणात पोफळीच्या खांबांवर झापांचा मांडव पडतो आणि पावसाआधी उतरतो, म्हणजे आठ महिने हे अंगण घराची एक खोलीच असते. तिथून दोन-तीन पायऱ्या चढून पडवी. उघडी, लाकडी खांबांची, प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा, म्हणजे जमिनीची ओल लाकडाला लागू नये. पडवीच्या आत एक पायरी वर ओटी. पुरुषांची बैठक, झोपाळा, हिशेबाची पेटी, भिंतीत कोनाडे. ओटीच्या आत माजघर, घरातली सर्वांत काळोखी आणि सर्वांत थंड जागा. तिथेच देवघर, तिथेच कोठीच्या खोलीचे दार, तिथेच बाळंतिणीची खोली. माजघरामागे स्वयंपाकघर, त्यामागे मागची पडवी आणि न्हाणी, मग विहीर आणि माडापोफळीची वाडी. वर माळा: नारळ, सुकी लाकडे, मोठी भांडी, गणपतीचा पाट, जुनी कागदपत्रे. उजेडासाठी छपरात एखादे काचेचे कौल. त्यातून माजघरात पडणारा उन्हाचा कवडसा जमिनीवर सरकत जाई आणि बायका त्यावरून वेळ ओळखत.

या मांडणीचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू लपवू नये. ओटीवर कोण बसणार, पडवीपर्यंतच कोणी यायचे, अंगणाच्या बाहेर कोणी थांबायचे, हे ठरलेले असे. विहीरही सगळ्यांची नसे. माजघराचा गारवा हा बायकांच्या वाट्याला आलेल्या काळोखाचाही भाग होता. स्वयंपाकघरात धुराड्याची सोय क्वचितच असे. धूर कौलांच्या फटींतून जाईल तेवढा जाई आणि उरलेला डोळ्यांत.

संडासाची गोष्ट तर आणखी कठीण. पूर्वी तो घरापासून लांब, वाडीच्या टोकाला असे. शहरात टोपलीचे संडास होते आणि ते साफ करण्याचे काम एकाच जातीवर लादलेले होते. या प्रश्नाचा रत्नागिरीशी थेट संबंध आहे. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम करण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेल्यावर त्यांनी उपोषण धरले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी डिसेंबर 1932 मध्ये येरवड्यात गांधीजींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेबांनी मैल्याचे खत करणाऱ्या संडासाचा प्रसार केला आणि तो 'गोपुरी संडास' म्हणून ओळखला गेला. घरात संडास येणे ही आजच्या जाहिरातीतली एक सोय वाटते. कोकणात ती एका सामाजिक लढ्याच्या वाटेने आली आहे.

घरे बांधायला पैसा कुठून आला, याचे उत्तर मुंबईत आहे. कोकणची जमीन थोडी, कातळ फार, आणि पीक एकच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्या, गोदी, कचेऱ्या आणि घरकाम यांनी रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे ओढून घेतली. आगबोटी किनाऱ्यावरच्या बंदरांना लागू लागल्या. रत्नागिरीस बोट समुद्रात उभी राही आणि उतारू पडावांतून, होड्यांतून धक्क्यावर येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद, म्हणून चाकरमान्याचे येणे-जाणे मोसमावर बांधलेले असे. मनीऑर्डर मात्र बारा महिने येई. केंबळी छपराचे नळे झाले, नळ्यांचे मंगळुरी कौल झाले, मातीच्या भिंतीला चिऱ्याचे जोते आले, ते याच पैशातून, एकेका मोसमात थोडे थोडे. काही जणांनी तर बांधकामाच्याच धंद्यात नाव काढले. रत्नागिरीहून मुंबईत जाऊन मोठे ठेकेदार झालेल्या भागोजीशेठ कीर यांनी आपल्या गावी पतितपावन मंदिर बांधले. 1931 मध्ये ते सर्व जातींना खुले झाले.

म्हणजे जुने घर एका वर्षी बांधून झाले असे सहसा नसते. जोते आजोबांचे, भिंती चुलत आजोबांच्या नोकरीच्या, कौले वडिलांच्या, कोबा आणि शहाबादी फरशी त्यानंतरची. विकणारा सांगतो ती शंभर वर्षे घराच्या एखाद्या भागाची असतात. खरीददाराने कोणता भाग कधीचा हे विचारावे, कारण दुरुस्ती त्यावर ठरते. त्या काळातल्या घराची मूळ ठेवण पाहायची असेल तर टिळक आळीतले लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान पाहता येते. टिळक 23 जुलै 1856 रोजी तिथे जन्मले आणि ते घर आता राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्याच्या अगदी उलट्या टोकाला थिबा राजवाडा. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले आणि 1910 मध्ये त्याच्यासाठी खाडीवरच्या सड्यावर हा वाडा उभा राहिला. राजाचा वाडा झाला तरी त्याला उतरते छप्पर द्यावेच लागले.

स्वातंत्र्यानंतर घरांचा पाया हलला. 1948 चा कूळकायदा आणि 1949 चा खोती निर्मूलन कायदा यांमुळे जमीन कसणाऱ्याच्या हाती गेली. हे न्याय्यच झाले. पण ज्यांचे घर खंडाच्या भातावर चालत होते त्यांच्या पुढच्या पिढीने पुणे-मुंबई गाठली. बंदराचे दिवसही सरले. मासेमारी मिरकरवाड्याकडे एकवटली, रस्ते झाले, उतारूंच्या बोटी कमी होत होत बंद पडल्या. घरात दोन म्हातारी माणसे उरली, मग एक, मग कुलूप.

बंद घर लवकर का पडते हे कोकणात लहान मुलालाही ठाऊक असते. चूल विझली की धूर थांबतो. ज्या धुराने बायकांचे डोळे गेले त्यानेच वासे आणि रिपा कोरड्या ठेवल्या होत्या, वाळवी आणि भुंगा दूर ठेवला होता. जमीन सारवली जात नाही, केर निघत नाही, एक कौल सरकल्याचे कोणाला कळत नाही. त्या एका फटीतून दोन पावसाळे पाणी गेले की वाशाचे टोक कुजते, आढे बसते, मग भिंतीच्या माथ्यात पाणी शिरते. चिऱ्याची भिंत वरून भिजायला लागली की तिचे दिवस भरले. घरातले माणूस दर वैशाखात कौले परतून घेई. त्याला दोन गडी आणि एक दिवस लागे. तेवढे न झाल्याने शतकभराचे घर दहा-पंधरा वर्षांत खाली येते. वानरांनी या दुरवस्थेत भर घातली आहे. वाडीतले नारळ-आंबे संपवून ती छपरावर उतरतात, आणि रोज फुटणारी कौले बदलण्यापेक्षा पत्रा बरा असे अनेकांनी ठरवले. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात जिल्ह्याच्या उत्तर भागात, विशेषतः दापोली-मंडणगडकडे, हजारो छपरे उडाली. त्यानंतर कौलाऐवजी पत्रा घालणे सरसकट झाले.

मग घर विकायचे म्हटले तर खरी अडचण उभी राहते. घर एकाचे नसते. सातबाऱ्यावर किंवा शहरातल्या मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव, क्वचित पणजोबांचे. त्यांच्या चार मुलांचे वारस मुंबई, बडोदे, इंदूर, अमेरिकेत. पूर्वी वाटणी घरातच होई: ओटी आणि पुढची पडवी थोरल्याची, स्वयंपाकघराला मधून भिंत, चुली दोन, माजघर आणि देवघर समाईक, विहिरीवर रहाट एकच. माडही मोजून वाटत. कागद होई किंवा न होई. आज त्या तोंडी वाटणीचा पुरावा म्हणून घरपट्टीच्या पावत्या आणि मधली भिंत एवढेच उरलेले असते.

कायद्याने राहत्या घराला बराच काळ वेगळे मानले. 1893 च्या वाटप कायद्यात अशी तरतूद आहे की अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला आणि त्याने वाटपासाठी दावा लावला, तर कुटुंबातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा कोर्टाने ठरवलेल्या किमतीला घेता येतो. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्यानुसार अशा परक्या खरीददाराला घरच्यांबरोबर समाईक ताबाही मागता येत नाही. दोन्ही तरतुदी घर मोडू नये म्हणून होत्या. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या 23 व्या कलमाने मात्र याच कारणासाठी मुलींवर अन्याय केला. भावांनी वाटणी करेपर्यंत बहिणीला राहत्या घराची वाटणी मागता येत नसे, आणि राहण्याचा हक्क तोही अविवाहित, विधवा किंवा टाकलेल्या मुलीलाच. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार केले, 2005 मध्ये केंद्राने तेच केले आणि 23 वे कलम काढून टाकले. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की 2005 मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. त्यामुळे आज मांडवीचे घर विकताना आत्यांच्या आणि बहिणींच्या सह्या लागतात. पूर्वी चोळी-बांगडीवर भागवलेला हिस्सा आता हक्कसोडपत्रावर येतो, आणि सोडायचा की नाही हे तिने ठरवायचे असते. विक्रीला वेळ लागतो खरा. पण ज्या बाईने बालपणी ते घर सारवले तिला न विचारता ते विकले जाणे यापुढे शक्य नाही, ही या सगळ्या कायदेबदलातली सर्वांत चांगली गोष्ट आहे.

कागदाला धरून नसलेलेही हक्क असतात. गणपती मूळ घरातच बसतो आणि मुंबईचे भाऊ त्या पाच दिवसांसाठी येतात. शिमग्यात बारा वाड्यांच्या श्री देव भैरीची पालखी शहरात फिरते, तेव्हा आपल्या अंगणात ती यावी म्हणून बंद घरेही उघडतात. वाडीच्या राखणदाराला, म्हणजे वाडी राखणाऱ्या दैवताला, वर्षाचा नारळ द्यायचा असतो. घर विकले तर हे कुठे करायचे, हा प्रश्न अनेक व्यवहार अडवून धरतो. काही कुटुंबे देव मुंबईच्या फ्लॅटमध्ये नेतात. काही घर विकून दोन गुंठ्यांचा तुकडा आणि एक खोली राखून ठेवतात. नवा मालक राखणदाराचा नारळ चुकवत नाही, मग तो कोणत्याही गावचा असो, कारण वाडीत काम करणारा गडी आधी तेच विचारतो.

26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने सुरू झाली आणि मुंबईहून रत्नागिरी एका रात्रीच्या झोपेवर आली. जागांना भाव आला. निवृत्तीनंतर गावी राहू म्हणणारे, सुट्टीचे घर हवे असणारे, आणि पर्यटकांसाठी न्याहारी-निवास चालवू पाहणारे असे तीन प्रकारचे गिऱ्हाईक तयार झाले. समुद्राजवळच्या घराला आणखी एक बाजू आहे. 19 फेब्रुवारी 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या बांधकामावर बंधने आणली. 2011 आणि 2019 मध्ये ती बदलली, पण मूळ रोख तोच राहिला. अशा पट्ट्यात मोकळ्या जागेपेक्षा जुने, नोंद असलेले घर मोलाचे, कारण अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते. म्हणून जुन्या आकारणीचा उतारा घराच्या चिऱ्यांइतकाच जपावा लागतो. घराबरोबर वाडी शेतजमीन म्हणून नोंदलेली असेल तर ती घेणारा शेतकरी असावा लागतो. हे मुंबईच्या गिऱ्हाइकाला बहुधा शेवटी कळते.

आता नव्या सोयींविषयी. इथे चुका फार होतात. पहिली चूक सिमेंटच्या गिलाव्याची. मातीत रचलेल्या चिऱ्याच्या भिंतीला दोन्ही अंगांनी सिमेंट थापले की आत गेलेली ओल बाहेर पडत नाही. पहिला पावसाळा भिंत गुळगुळीत दिसते, तिसऱ्यात गिलाव्याला फुगे येतात, जोत्यापासून हातभर उंचीवर पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा वेळ घेतो, गवंडी मिळत नाही, पण भिंतीला तोच मानवतो. बाहेरचा चिरा उघडा ठेवून सांधे भरून घेणे हा दुसरा चांगला मार्ग. दुसरी चूक स्लॅबची. छप्पर काढून जुन्या भिंतींवर काँक्रीट ओतले की त्यांच्यावर कधी नव्हते तेवढे ओझे येते. खारी हवा लोखंडाला गंज आणते, सळई फुगते, काँक्रीटच्या खपल्या पडतात. मग गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड. रत्नागिरीत गच्चीवर पत्रा चढवलेली घरे गल्लोगल्ली दिसतात, आणि उतरत्या छपराशिवाय इथे चालत नाही हे त्यांनीच सिद्ध केले आहे.

जे टिकते ते साधे आहे. कुजलेले वाशाचे टोक किंवा खांबाचे पाऊल तेवढेच कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड द्यायचा. सगळे छप्पर बदलायचे नाही. वाळवीसाठी पूर्वी काजूच्या टरफलांचे तेल आणि डांबर लावत, आता औषध मारतात. त्यानेही वरचेवर पाहणे चुकत नाही. कौलांखाली पातळ पत्रा किंवा फळ्या घालून वर कौले पुन्हा बसवली तर गळती आणि वानर दोन्हींचा बंदोबस्त होतो आणि बाहेरून घर जसेच्या तसे दिसते. जुनी मंगळुरी कौले उतरवताना फेकू नयेत, तशी जाड आणि भाजलेली कौले आता सहज मिळत नाहीत. माजघरात उजेड हवा तर भिंत फोडून मोठी खिडकी करण्यापेक्षा काचेची कौले दोनाची सहा करावीत. बाथरूम आणि संडास मागच्या पडवीत घ्यावेत. पाण्याची जागा तिथेच होती, उतार तिथेच आहे, आणि माजघराच्या भिंतीला नळाची ओल लागत नाही. शोषखड्डा विहिरीपासून दूर घेतलाच पाहिजे. वाळूच्या जमिनीत पाणी लवकर पसरते, आणि नगरपालिकेचे नळाचे पाणी आले तरी उन्हाळ्यात बऱ्याच घरांची भिस्त विहिरीवरच असते. स्वयंपाकघरात उभ्याने काम करायचा ओटा आणि गॅस आला हे भलेच झाले. फक्त धूर गेला म्हणून तिथल्या लाकडाकडे जास्त लक्ष द्यावे लागते. फरशी निवडताना चकचकीत टाइल टाळावी. पावसाळ्यात तिला पाणी सुटते आणि म्हातारी माणसे घसरतात. शहाबादी किंवा घोटलेला कोबा बरा.

जुन्या घरांचा आणखी एक बाजार आहे, आणि तो घरालाच खाणारा आहे. कोरीव खांब, दिंडीदरवाजे, तुळया, झोपाळ्याच्या कड्या विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरतात. मोडून विकलेल्या लाकडाचे पैसे हातात लगेच पडतात. हिस्सेदारांच्या सह्या गोळा करायला मात्र वर्षे जातात. त्यामुळे घर विकण्याआधीच त्याचे दरवाजे मुंबई-गोव्याच्या हॉटेलांत जाऊन बसलेले असतात. दारावरची शिसवी चौकट गेली की उरते ती जागेची किंमत. मालगुंडचे केशवसुतांचे घर कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक म्हणून जपले आणि 1994 मध्ये ते खुले झाले. पण प्रत्येक घरात कवी जन्मत नाही, आणि स्मारक होणे हा सामान्य घराचा मार्ग नव्हे. त्याला राहणारे माणूस लागते.

व्यवहार ठरला की वकील स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि हरकती मागवतो. हरकत बहुधा येतेच: कोणा चुलत्याची, कधी शेजाऱ्याची वाटेबद्दल. ती मिटली की खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जाते. त्यात चतुःसीमा लिहिल्या जातात, कोणाच्या वाडीतून बेड्यापर्यंत येण्याची वहिवाट आहे ते लिहिले जाते, विहिरीत कोणाचा निम्मा हक्क आहे ते लिहिले जाते. त्यानंतर जुन्या दस्तांतून चालत आलेली ओळ येते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह मिळकत दिली आहे. गणपतीसाठी एक खोली राखून ठेवायची असेल तर तीही इथेच, तिच्या मापासकट आणि वाटेसकट लिहून घ्यावी. तोंडी राखलेली खोली पुढच्या पिढीत टिकत नाही.